विश्लेषण : गाइडविना नागासाकी! ही पायपीट वसईच्या किल्ल्यातून का सुरू होते?

जपानमधील नागासाकी रेल्वे स्थानकातून बाहेर पडून चढाच्या रस्त्याने पाचेक मिनिटे चालले, की निशिझाका नावाची टेकडी लागते. तिथल्या स्मारकावर ब्राँझच्या २६ आकृती एका रांगेत उभ्या आहेत. त्यातील तिघांची उंची इतरांपेक्षा कमी दिसते, कारण ती मुले होती. रांगेतील आणखी एक जण मात्र जपानी नाही, स्पॅनिशही नाही. तो आपल्या पालघर जिल्ह्यातल्या वसईचा आहे. नाव गोन्सालो गार्सिया.

जपानला जाणारे भारतीय पर्यटक बहुधा टोकियो, क्योतो, ओसाका करून परततात. नागासाकीचे नाव अणुबॉम्बमुळे प्रत्येकाला ठाऊक असते, पण हे शहर पायी फिरण्यासाठीच जणू आखले आहे, हे फारसे कुणाला माहीत नसते. गाइड न घेता, हातात नकाशा धरून शहर फिरण्याची तिथली पद्धत काय आहे, वसईचा माणूस तिथे कसा पोहोचला आणि घोलवड-डहाणूच्या वाचकाला हीच फेरी एका सुट्टीच्या दिवशी, रेल्वेच्या तिकिटात कशी करता येईल, याविषयी...

‘सरुकु’ म्हणजे काय?

नागासाकीच्या बोलीत ‘सरुकु’ म्हणजे इकडेतिकडे भटकणे, रमतगमत फिरणे. कानाला तो आपल्या ‘सरकू’सारखा लागतो, अर्थही फार लांबचा नाही. २००६ साली शहराने हाच शब्द घेऊन ‘नागासाकी सरुकु’ हा उपक्रम सुरू केला. १ एप्रिल ते २९ ऑक्टोबर असे २१२ दिवस शहरभर पायी फेऱ्यांचा उत्सव चालला. वेगळे प्रदर्शन मैदान नाही, मंडप नाही, तिकीट खिडकीही नाही. गल्ल्या, पायऱ्या, पूल, देवळे, चर्च हेच प्रदर्शन.

त्याचे तीन प्रकार ठरवले गेले. पहिला, नकाशा घेऊन आपले आपण फिरायचे. दुसरा, स्थानिक नागरिक वाटाड्या म्हणून सोबत येणार. तिसरा, जाणकाराचे व्याख्यान आणि मग फेरी. उत्सव संपला तरी उपक्रम संपला नाही. शहरातील रहिवाशांनीच गाइडचे काम अंगावर घेतले, हे या योजनेचे खरे बळ. आपल्या गल्लीत कोणती विहीर कुणी खोदली हे गल्लीतल्या माणसाला माहीत असते. ते सांगण्याची सोय करून दिली, एवढेच महापालिकेने केले.

एकट्याने फिरणाऱ्याचे काम सोपे होते ते आणखी एका कारणाने. नागासाकी मोठे शहर असले तरी त्याचा जुना भाग डोंगर आणि बंदर यांच्यामध्ये दाटीने वसलेला आहे. पाय दुखले तर ट्राम आहे. १९१५ पासून चालणाऱ्या या ट्रामचा दिवसभराचा पासही मिळतो.

वसईचा माणूस तिथे कसा पोहोचला?

गोन्सालोचा जन्म १५५६-५७च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. त्या वेळी वसई पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी होती. डहाणू, तारापूर, केळवे-माहीम ही किनाऱ्यावरची ठाणी त्याच प्रांतात येत. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली, त्यानंतर दोनच दशकांनी जन्मलेले हे मूल. किल्ल्यातील जेझुइट पाद्र्यांकडे त्याचे शिक्षण झाले. पंधरा-सोळाव्या वर्षी तो त्यांच्याबरोबर जहाजाने जपानला निघाला.

जपानमध्ये आठेक वर्षे त्याने धर्मशिक्षकांचा मदतनीस म्हणून काम केले. या काळात त्याने सर्वांत मोलाची गोष्ट कमावली, ती म्हणजे जपानी भाषा. जेझुइट संघात प्रवेश मिळावा म्हणून त्याने विनंती केली, पण ती मान्य झाली नाही. मग त्याने ते काम सोडले आणि व्यापारात उतरला. धंद्यात चांगला जम बसल्यावर तेही सोडले. मनिलाला जाऊन तो फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाला.

मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने १५९३ मध्ये जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीकडे शिष्टमंडळ पाठवले. त्याचे प्रमुख होते फादर पेद्रो बाप्तिस्ता. जपानी बोलणारा माणूस हवा होता, म्हणून वसईच्या गोन्सालोला दुभाषी म्हणून घेतले गेले. वास्तविक हिदेयोशीने १५८७ मध्येच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. मात्र त्याची अंमलबजावणी सैल होती. व्यापार त्यालाही हवा होता. फ्रान्सिस्कन क्योतोला स्थायिक झाले.

ऑक्टोबर १५९६ मध्ये चित्र पालटले. ‘सान फेलिपे’ हे मनिलाहून मेक्सिकोला निघालेले स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्याला लागले. त्यावरचा माल जप्त झाला. जहाजावरच्या एका अधिकाऱ्याने, आमचे मिशनरी आधी जातात आणि मागून सैन्य येते, अशी बढाई मारल्याचे सांगतात. तो तसे खरेच बोलला का, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. पण हिदेयोशीचा संशय मात्र पक्का झाला आणि अटकेचे हुकूम सुटले.

पकडलेल्या २४ जणांचा डावा कान क्योतोमध्ये कापण्यात आला. मग त्यांना शहरोशहरी फिरवत नागासाकीकडे चालवत नेले. अंतर सुमारे ८०० किलोमीटर. मुंबईहून नागपूरला पायी जाण्यासारखे, तेही जपानच्या जानेवारीत. वाटेत आणखी दोघे त्यांच्यात सामील केले गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर या २६ जणांना क्रुसावर चढवून मारण्यात आले. त्यात २० जपानी, ४ स्पॅनिश, १ मेक्सिकन आणि १ वसईकर. सर्वांत लहान मुलगा १२ वर्षांचा होता.

क्योतोत अटक केलेल्यांना नागासाकीतच का मारले? कारण जपानमधील ख्रिस्ती लोकांची सर्वाधिक वस्ती तिथे होती. इतरांना दहशत बसावी, हा हेतू उघड होता.

रोमने ८ जून १८६२ रोजी या सर्वांना संत घोषित केले. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत म्हणून गोन्सालो गार्सियांचे नाव घेतले जाते. वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. त्यामुळे ‘गोन्सालो गार्सिया’ हे शब्द विरार लोकलमधल्या हजारो विद्यार्थ्यांच्या ओळखपत्रावर आहेत. त्यातल्या कितींना निशिझाका ठाऊक असेल, हा वेगळा प्रश्न.

नागासाकीत पायी काय पाहाल?

सुरुवात निशिझाकापासूनच करावी. सध्याचे स्मारक आणि शेजारचे संग्रहालय १९६२ सालचे, म्हणजे संतपदाच्या शताब्दीचे आहे. शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी आकृती क्रुसावर लटकलेल्या दाखवलेल्या नाहीत. त्या ताठ उभ्या आहेत आणि पाय जमिनीला टेकलेले नाहीत. तिथे थोडा वेळ थांबावेच लागते.

टेकडी उतरून जुन्या शहराकडे चालत गेले, की नाकाशिमा नदीवरचा दोन कमानींचा दगडी पूल येतो. १६३४ सालचा. पाण्यातल्या प्रतिबिंबासह तो चष्म्यासारखा दिसतो, म्हणून नावही ‘चष्मा पूल’ अर्थात मेगानेबाशी. फोटोसाठी तिथे गर्दी असते, पण खरी मजा नदीकाठच्या गल्ल्यांत आहे.

पुढे देजिमा. पोर्तुगीज व्यापाऱ्यांना गावात मिसळू न देता एका जागी कोंडून ठेवता यावे, म्हणून १६३६ मध्ये समुद्रात भर घालून पंख्याच्या आकाराचे हे छोटे बेट तयार केले गेले. तीनच वर्षांनी पोर्तुगीजांना देशाबाहेर काढले आणि १६४१ मध्ये डच व्यापारी तिथे आणून बसवले. पुढची दोनशेहून अधिक वर्षे युरोपशी जपानचा अधिकृत व्यापार या चिमुकल्या बेटावरूनच चालला. नंतर आजूबाजूला भराव पडत गेले आणि बेट जमिनीत अडकले. आज देजिमा पाहताना समुद्र शोधावा लागतो.

दक्षिणेकडे चढावर ओउरा चर्च आहे. १८६४ मध्ये पूर्ण झालेले हे चर्च निशिझाकाच्या त्या २६ जणांनाच अर्पण केलेले आहे. ते बांधले गेले, तेव्हा जपानी माणसाला ख्रिस्ती असण्यास बंदीच होती. मार्च १८६५ मध्ये जवळच्या उराकामी गावचे काही लोक चर्चमध्ये आले आणि फ्रेंच पाद्र्याच्या कानात हळूच म्हणाले, की आमची श्रद्धा तुमच्यासारखीच आहे. पाद्री नाहीत, चर्च नाही, अशा स्थितीत अडीचशे वर्षे त्यांनी घरातल्या घरात धर्म जपला होता. या छुप्या ख्रिस्ती समाजाशी संबंधित स्थळे २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, त्यात ओउरा चर्चही आहे. त्याच उराकामीवर ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबॉम्ब पडला. तो भाग आणि शांती उद्यान पाहण्यासाठी ट्राम घ्यावी आणि अर्धा दिवस वेगळा राखावा. इतर स्थळांबरोबर घाईने उरकण्याची ती जागा नाही.

वसईत हीच फेरी कशी कराल?

जपानचा व्हिसा आणि विमानाचे तिकीट सगळ्यांच्या आवाक्यातले नाही. पण या कथेचे पहिले टोक पश्चिम रेल्वेवरच आहे. घोलवडहून डहाणू रोड आणि तिथून लोकल. गाडी विरारपर्यंतच असेल तर तिथे बदलून वसई रोड. स्थानकाच्या पश्चिमेकडून किल्ल्यापर्यंत बस किंवा शेअर रिक्षा मिळते. अंतर साधारण सहा-सात किलोमीटर. तिथून पुढे चालायचे.

वसईचा किल्ला म्हणजे गडकोटाच्या नेहमीच्या कल्पनेतला किल्ला नव्हे. चढ नाही. तटाच्या आत एक अख्खे शहर होते, रस्ते, चौक, चर्च, मठ, दवाखाना असलेले. तीन बाजूंनी पाणी आणि दलदल. जमिनीकडचा भुई दरवाजा आणि खाडीकडचा दर्या दरवाजा ही त्याची दोन तोंडे. फिरण्याचा सोपा मार्ग म्हणजे भुई दरवाजाच्या बाजूने आत शिरून दर्या दरवाजाने बाहेर पडणे. वाट चुकली तरी हरकत नाही, समुद्राचा वारा येतो तिकडे चालत राहावे.

मधल्या भागात बालेकिल्ला, डोमिनिकन मठाचे अवशेष, नागेश्वर आणि वज्रेश्वरीची मंदिरे, चिमाजी अप्पांचे स्मारक असे सगळे थोड्या थोड्या अंतरावर आहे. जेझुइटांचे ‘होली नेम ऑफ जीझस’ चर्च हे गोन्सालोच्या शिक्षणाशी जोडलेले स्थान. इतर चर्चची छपरे केव्हाच गेली, याची मात्र डागडुजी झालेली आहे. दर वर्षी संतांच्या सणाला भाविक इथे जमतात. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये जमिनीवर पाहत चालावे, कारण फरशी म्हणून पायाखाली येतात त्या अनेक शिळा थडग्यांच्या आहेत. त्यावरची पोर्तुगीज अक्षरे अजून वाचता येतात. दर्या दरवाजाजवळ सेंट जोसेफ चर्चचा उंच मनोरा दिसतो. ‘कोल्डप्ले’च्या २०१६ सालच्या ‘हिम फॉर द वीकेंड’ या गाण्याच्या व्हिडीओतील काही दृश्ये याच किल्ल्यात चित्रित झाली. किल्ल्यात येणाऱ्या तरुणांपैकी बरेच जण ती चौकट शोधतच येतात.

दर्या दरवाजातून बाहेर पडले की किल्लाबंदरचा कोळीवाडा. होड्या, जाळी, बांबूच्या मांडणीवर वाळणारे बोंबील. इथे आपण ‘पर्यटन स्थळा’त नसून कुणाच्या तरी अंगणात आहोत, हे लक्षात ठेवून कॅमेरा काढावा.

एकच किल्ला, दोन आठवणी

वसई म्हटले की मराठी माणसाला आधी आठवतात चिमाजी अप्पा, आणि ते साहजिक आहे. फेब्रुवारी ते मे १७३९ असा हा वेढा चालला. तटाखाली सुरुंग लावले गेले, सान सेबास्तियन बुरुजाजवळ खिंडार पडले, दोन्हीकडची माणसे मोठ्या संख्येने पडली. मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. चिमाजी अप्पांनी त्यांना सन्मानाने बाहेर पडू दिले. चर्चच्या मोठ्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात गेल्या. त्यातली एक आजही नाशिकच्या नारोशंकर मंदिरावर टांगलेली आहे, दुसरी भीमाशंकरला आहे. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी कुप्रसिद्ध तह केला, तोही वसईचाच.

याच तटाच्या आत वसईच्या ख्रिस्ती समाजाची आठवण आहे. हा समाजही मराठीच बोलतो. गाइडसोबत फेरी घेतली तर तो कोणती आठवण सांगणार, हे गाइडवर अवलंबून असते. कुणी फक्त १७३९ सांगतो, कुणी फक्त चर्च दाखवतो. नकाशा घेऊन एकट्याने फिरणाऱ्याला दोन्ही भेटतात, कारण प्रत्यक्ष जमिनीवर वज्रेश्वरीचे देऊळ आणि जेझुइट चर्च यांच्यातले अंतर काही मिनिटांचेच आहे.

मोबाइल पुरेसा आहे का?

बऱ्याच अंशी. पण मोबाइल नकाशात एकाच वास्तूची तीन-तीन नावे येतात, मराठी, इंग्रजी आणि पोर्तुगीज. भुई दरवाजा म्हणजेच लँड गेट म्हणजेच ‘पोर्ता दा तेर्रा’, एवढे आधी जुळवून घेतले तर निम्मा गोंधळ कमी होतो. नकाशाचा तो तुकडा घरीच डाउनलोड करून ठेवावा. पाणी सोबत हवे. पावसाळ्यात किल्ल्यात झाडोरा माजतो, वाटा बुजतात, साप निघतात, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. अंधार पडण्यापूर्वी बाहेर पडावे आणि मोडकळीस आलेल्या तटांवर, मनोऱ्यांवर चढू नये.

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. संरक्षित वास्तूची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी कायद्यात तरतूद आहे. भिंतीवर बदामात कोरलेली नावे पाहिली तर हा कायदा फारसा कुणाच्या गावी नाही, हे दिसते.

घोलवडचा ‘सरुकु’ कसा असेल?

नागासाकीच्या पद्धतीने पाहायचे ठरवले, तर घोलवड-बोर्डीत पायी फिरण्याजोगे पुष्कळ आहे. सुरुवात स्थानकाबाहेरच्या चिकूच्या वाड्यांपासून. डहाणू-घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन आहे आणि जून २०२१ मध्ये तो ब्रिटनला निर्यातही झाला. घोलवडच्या कॅल्शियमयुक्त मातीमुळे त्याला वेगळी चव येते, असे मानले जाते. (चिकूचे झाड मूळ मेक्सिकोकडचे. स्पॅनिश जहाजांनी ते फिलिपिन्सला नेले, तिथे आजही त्याला ‘चिको’च म्हणतात. गोन्सालो ज्या मनिलात ब्रदर झाला, त्याच जलमार्गावरचे हे फळ.)

बोर्डीत १९२० साली सुरू झालेले हायस्कूल आहे, आचार्य भिसे यांच्या नावाशी जोडलेले. त्याहून मोठी गोष्ट १९४५ची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यातली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली, ती कुरणशाळा. १९७५ नंतर केंद्राच्या योजनेतून ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला, पण तो जन्मला या परिसरात. जपानी शहरात असे काही घडले असते, तर त्या अंगणापाशी निदान एक छोटी पाटी नक्की लागली असती.

पूर्वेकडची बहरोटची लेणी मात्र या पायी फेरीत बसत नाहीत. संजाणवर हल्ला झाल्यानंतर पारशी समाजाने आपला पवित्र अग्नी बारा वर्षे याच डोंगरात जपला, अशी परंपरा आहे. तिथे जाणे म्हणजे डोंगर चढणे, त्यामुळे स्थानिक माणूस सोबत घेऊनच जावे. तलासरीतील झरी हे १९४५च्या वारली उठावाच्या सभेचे गावही वाहनानेच गाठावे लागेल. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचून गेलात, तर तिथे पाहण्यासारखे ‘स्थळ’ नसले तरी चालेल.

पायी जाणाऱ्याने बोर्डीच्या सुरूच्या बनातून किनाऱ्याने उत्तरेकडे निघावे. ओहोटीला पाणी खूप आत जाते, तेव्हा चालायला ओली, घट्ट वाळू मिळते. भरती-ओहोटीची वेळ आधी पाहून ठेवावी. पुढे झाई हे किनाऱ्यावरचे महाराष्ट्रातील शेवटचे गाव. खाडीपलीकडे दुकानांच्या पाट्या गुजरातीत सुरू होतात. परतीच्या गाडीची वेळही आधीच पाहून ठेवलेली बरी, कारण घोलवडला थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच आहेत आणि एक चुकली तर रिक्षाने डहाणू रोड गाठावे लागते.